काकवीचे दात

"आई गं..." मी अशी काही किंचाळले की चुलीपुढं भाकरी थापत बसलेल्या आत्ती पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आल्या.

"काय झालं? इच्चू चावला का काय?"

"काही नाही, आत्ती. काकवीला शिकवतेय."

आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एकदा माझ्याकडं बघितलं आणि एकदा माझ्या पायाशी गोंधळून बसलेल्या कुत्रीच्या पिल्लाकडं बघितलं. "कुत्रीला शिकवायचं तर माणसानं केकटायचं असतंय व्हय? मिरजेकडची नवी रीत दिसतीया," म्हणाल्या आणि आत गेल्या. सोप्यात बसलेले मामा मात्र पोट धरून हसत होते. मामा म्हणजे माझे सासरे, केरबा चौगले. आसपासच्या वीस गावांत त्यांना केरबा गुळव्या म्हणायचे.

मामांचं त्या सकाळचं हसणं मला अजून दिसतं. पुढं चार महिन्यांत ते हसणं गेलं ते गेलंच. त्यात माझा वाटा किती होता, हे मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

तीस वर्षं होऊन गेली या गोष्टीला. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि रूपाली, माझी थोरली, तेव्हा आठ महिन्यांची होती. आमचं गाव कोल्हापूरहून पन्हाळ्याकडं जाताना लागतं. चहूकडं ऊस, आणि दिवाळी झाली की गुऱ्हाळांचा धूर. माझे मालक, सर्जेराव, दुधाचा टेम्पो चालवायचे. काकवी घरात आली ती श्रावणात. तिची आई ट्रॅक्टरखाली सापडली, बाकीची पिल्लं कुणी कुणी नेली, आणि हे एक दहा-बारा दिवसांचं, धड डोळेही न उघडलेलं पिल्लू मामा टॉवेलात गुंडाळून घेऊन आले. रंग अगदी गूळ होण्याआधीच्या पातळ पाकासारखा तांबूस. म्हणून नाव काकवी.

"कुत्री कशाला आणलीसा? कुत्रा तरी आणायचा," आत्ती कुरकुरल्या.

"कुत्रा काय दूध घालायला जाणार हाय तुझ्या डेअरीत?" मामा म्हणाले, आणि वाद मिटला.

महिन्याभरात त्या काकवीला दात आले. दात कसले, सुया. समोर दिसेल ते ती तोंडात धरायची. पदर, पायताण, बोट, पोटरी, काही म्हणजे काही सोडायची नाही. इकडं रूपाली रांगायला लागली होती. एके दिवशी मालक जेवता जेवता म्हणाले, "पोरीला दात लागला तर त्याच दिवशी कुत्री घराबाहेर. मग आबा काही म्हणू देत." आबा म्हणजे मामाच. मामांचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

तेव्हा मीच पुढं झाले. माझे वडील मिरजेजवळ एका जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते, त्यामुळं आपण निम्म्या डॉक्टर आहोत असा माझा एक समज होता. मी म्हटलं, "दिवाळीपर्यंत द्या मला. काकवी पोरीच्या तोंडावरची माशी उठवेल, पण दात लावणार नाही."

वडिलांची रीत सोपी होती. ते म्हणायचे, पिल्लू भावंडांत असलं की भावंडाला चावतं. भावंड केकाटतं आणि खेळ सोडून निघून जातं. असं चार-आठ दिवस झालं की पिल्लाला कळतं, जबडा किती मिटायचा आणि कुठं थांबायचं. एकटं वाढलेल्या पिल्लाला हे सांगणारं कुणी नसतं. मग तू त्याचं भावंड हो. मारायचं नाही, हात हिसकायचा नाही. दात नुसता टेकला तरी जिवाच्या आकांतानं ओरडायचं, पाठ फिरवायची आणि थोडा वेळ त्याच्याकडं बघायचंसुद्धा नाही.

मी घरातल्या सगळ्यांना कामाला लावलं. मालक आधी लाजले. "दारात उभा राहून आई गं म्हणू? लोक म्हणतील, बायको मारतीया." पण म्हणायला लागले. आत्ती "आई गं" म्हणायच्या आणि त्याला जोडून काकवीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. तेवढं रीतीत बसत नव्हतं, पण काकवीला अर्थ बरोबर पोचायचा. महिन्याभरात ती माझा हात तोंडात धरायची, तो नुसता ओठांत. दात लागायचाच नाही. मी शेजारपाजारच्या बायकांना बोलावून दाखवायची. माझी मान चांगली दोन इंच वर गेली होती.

फक्त मामांच्या बाबतीत काही जमेना. मामांचा हात दिसला की काकवी ती काकवी राहायची नाही. करकचून चावायची. आणि मामा ढिम्म. हात तसाच तिच्या तोंडात ठेवून शेजाऱ्याशी उसाच्या गप्पा मारायचे.

"मामा, ओरडा की. तुम्ही ओरडत नाही म्हणून ती शिकत नाही."

"लागत न्हाई तर वरडू कशाला?"

"रक्त आलंय ते बघा."

त्यांनी हात वर धरून बघितला. "आलंय की," म्हणाले, आणि धोतराच्या सोग्याला पुसला.

याचं आम्हाला कुणालाच नवल वाटलं नाही. त्याला कारण होतं. मामांचे हात म्हणजे गावाचं कौतुक होतं. गुऱ्हाळात काहिलीतला, म्हणजे भल्यामोठ्या कढईतला, रस उकळून उकळून घट्ट होत येतो, तेव्हा पाक झाला की नाही हे गुळव्यानं ठरवायचं असतं. क्षणभर आधी उतरवला तर गूळ पाझरतो, क्षणभर उशीर झाला तर जळतो, आणि शेतकऱ्याचे वर्षाचे कष्ट मातीत. बाकीचे गुळवे उलथन्यावर थेंब घेऊन पाण्यात टाकून बघायचे. मामा हात गार पाण्यात बुडवायचे, तसाच रटरटत्या पाकात घालून चिमूट उचलायचे, परत पाण्यात बुडवून दोन बोटांत गोळी वळायचे आणि म्हणायचे, "उतरवा." बघायला लोक जमायचे. केरबाच्या बोटांना चटका बसत नाही, ती बोटं तयार झालेली आहेत, असं म्हातारी माणसं लहानांना सांगायची. ज्या गुळव्याच्या हाताला लागतं, तो कच्चा गुळव्या, हे आमच्या भागात सगळ्यांना पाठ होतं. मग कुत्रीच्या पिल्लाच्या दातांची काय कथा?

एकदा मामांच्या हातातली विडी जळत जळत बोटापर्यंत आली. चामडी जळाल्याचा वास माझ्या नाकापर्यंत आला, मी धावत गेले, तेव्हा कुठं त्यांनी खाली बघून विडी टाकली. मी म्हटलं, "कसल्या तंद्रीत होता?" त्यांच्या कोपराजवळ पांढुरका चट्टा होता, त्यावर आत्ती गंधक चोळायला सांगायच्या. शिबं आहे म्हणायच्या. एवढं सगळं डोळ्यांपुढं मांडून ठेवलेलं होतं, आणि आम्ही ताटाला पाठ करून बसलो होतो.

मी मामांना सोडलं नाही. "मामा, खोटं खोटं ओरडा. कुत्रीला काय कळतंय? नुसतं आई गं म्हणायचं."

"खोटं न्हाई जमायचं मला, वैजा."

"तिला इथं ठेवायचीय का नाही?"

"ठिवायची हाय की. तिच्यापायी घरात करमतंय मला."

"मग?"

ते नुसते हसले. ते हसणं पहिल्यासारखं नव्हतं, पण माझं लक्ष तेव्हा हसण्याकडं कुठं होतं.

नवरात्र सरल्यावर एक दिवस मी गोठ्यात शेण काढायला गेले. मामा गव्हाणीपाशी उकिडवे बसले होते, माझ्याकडं पाठ करून. पुढं काकवी. मामांनी डाव्या हाताची करंगळी तिच्या तोंडात दिली. ती चावली. मामा खाली वाकून बोटाकडं बघत राहिले. मग करंगळी काढून शेजारचं बोट दिलं. मग मधलं. एकेक बोट तिच्या दातांत द्यायचे, थोडं थांबायचे, काढायचे. अंगठा दिला तेव्हा त्यांचे खांदे किंचित हलले. मग दुसरा हात. मी तशीच उभी राहिले. दोन बोटांतून रक्त येत होतं, आणि हे गृहस्थ वाढदिवसाचा केक भरवावा तसे तिला बोटं भरवत होते.

माझं टाळकं सरकलं. महिनाभर घसा फोडून मी जे शिकवलं, ते हा माणूस रोज चोरून मोडत होता.

"मामा, काय चाललंय हे?"

ते दचकले. हात मागं घेतला. चोरी पकडलेल्या पोरासारखा चेहरा झाला त्यांचा. "काय न्हाई. खेळतोय."

"खेळताय? हाताला चावलं तरी चालतं, हेच शिकवताय तुम्ही तिला. उद्या ती रूपालीचा हात धरेल. तुमचे हात राकट झालेत हो, माझ्या पोरीचे नाहीत. तुमच्या या लाडापायी पोरीचं बोट गेलं तर भरून देणार आहात?"

सासऱ्याला असं बोलायची आमच्यात पद्धत नव्हती. बोलून गेले. मामांनी मान खाली घातली, गव्हाणीतली वैरण सारखी करत बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "न्हाई करणार." आणि हाताला फडकं बांधून बाहेर गेले.

पण वसुबारसेच्या दिवशी सकाळी व्हायचं ते झालं. मी अंगणात रांगोळी घालत होते, रूपाली सोप्यात रांगत होती. तिनं मुठीत लाडू धरला होता आणि तो तिनं काकवीपुढं केला. अगदी मामा हात पुढं करायचे तसाच. काकवीनं लाडवासकट मूठ धरली. पोरगी ओरडली, काकवीनं सोडलंसुद्धा लगेच, हे मी आज सांगू शकते. तेव्हा मला दिसलं ते फक्त रक्त. दोन दात लागले होते, तळहाताच्या मागं. काकवी कोपऱ्यात जाऊन शेपूट पोटात घालून बसली.

मालकांनी पोरीला उचललं, हळद दाबली. पोरगी पाच मिनिटांत शांत झाली आणि परत लाडू मागायला लागली. मालक जरा घुटमळले. त्यांचा राग पाण्यावरच्या बुडबुड्याएवढाच असायचा. म्हणाले, "सणासुदीचं कुठं सोडायची तिला?"

सोप्याच्या खांबाला टेकून मामा उभे होते. "दोन दिस राहू दे," ते म्हणाले. "दोनच दिस. मग मी सोताच सोडून येतो."

सगळे माझ्याकडं बघत होते. मी नाही म्हटलं असतं तर नाही, हो म्हटलं असतं तर हो, अशी ती वेळ होती. सून म्हणून घरात दोन वर्षांत मला असा मान कुणी दिला नव्हता. माझ्यातली निम्मी डॉक्टरीण बोलली.

"नाही. आजच."

मालकांनी काकवीला पोत्यात घातली आणि टेम्पोतून घेऊन गेले. डोंगराच्या अंगाला बिरू नावाचा धनगर बकरी बसवायचा, त्याला देऊन आले. दवाखान्यात नेऊन रूपालीला इंजेक्शनं दिली. मामांनी त्या दिवशी फराळाला हात लावला नाही. मला वाटलं, रुसलेत. कुत्रीसाठी माणूस किती रुसेल, रुसू दे, असंही वाटलं.

दिवाळी सरली आणि गुऱ्हाळं पेटली. मामा रोज कामावर जायचे, पण घरी आले की बोलायचे नाहीत. पंधरा दिवसांत कानावर आलं की केरबाची दोन आदणं फसली. म्हणजे दोन काहिलींचा गूळ वाया गेला. एकदा पाझरला, एकदा करपला. मालकांना कुणीतरी टेम्पो थांबवून सांगितलं. आम्ही म्हटलं, वय झालं.

मग संक्रांतीच्या तोंडावर एक दिवस दुपारी त्यांना गुऱ्हाळावरची माणसं बैलगाडीत घालून घेऊन आली. काहिलीच्या तापलेल्या काठावर मामांनी डावा हात टेकला होता आणि टेकूनच उभे राहिले होते. जाळ घालणाऱ्याला वास आला, त्यानं ओरडून हात बाजूला केला. तोवर तळवा सोलून निघाला होता. आत्ती कपाळावर हात मारून रडायला लागल्या. मामा मात्र गाडीतून स्वतःच्या पायांनी उतरले आणि म्हणाले, "रडू नगंस. दुखत न्हाई."

ते शब्द ऐकून त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्या हाताकडं नीट बघितलं.

सरकारी दवाखान्यात मी आणि मालक घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी हाताची पट्टी केली आणि मग कोपराजवळचा तो पांढुरका चट्टा बघून थांबले. मामांना म्हणाले, "आजोबा, डोळे मिटा. मी टाचणी टोचतो. जिथं कळेल तिथं नुसतं हो म्हणा."

मामांनी डोळे मिटले. डॉक्टरांनी उजव्या हाताच्या करंगळीला टाचणी लावली. मामा गप्प. शेजारच्या बोटाला. गप्प. मधल्या बोटाला. मामांच्या कपाळावर घाम आला होता आणि ते डोळे घट्ट मिटून वाट बघत होते, परीक्षेला बसलेलं पोर उत्तर आठवायला बघतं तसे. अंगठ्यापाशी त्यांनी "हो" म्हटलं. टाचणी तेव्हा अंगठ्याला लागलीच नव्हती. डॉक्टरांच्या हातात हवेतच होती.

मी तोंडाला पदर लावून दाराबाहेर आले. गव्हाणीपाशी उकिडवे बसलेले मामा माझ्या डोळ्यांपुढं होते. करंगळी, मग शेजारचं बोट, मग मधलं.

महारोग निघाला. डॉक्टरांनी तो शब्द वापरला नाही, दुसरा वापरला, पण आम्हाला कळायचं ते कळलं. गोळ्या फुकट मिळतात, वर्षा-दोन वर्षांत आजार पूर्ण बरा होतो, गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला होत नाही, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. आम्हा सगळ्यांना तपासलं, रूपालीलासुद्धा. कुणाला काही नव्हतं. मालकांनी विचारलं, "हात सुधारतील?"

"वर्षभर आधी आला असता तर खात्रीनं सांगितलं असतं. अगदी दोन-तीन महिन्यांपूर्वी आला असता तरी अंगठे वाचवता आले असते. आता जे गेलं ते बहुतेक गेलं." मग त्यांनी सहज विचारलं, रागानं नाही, "घरात कुणाच्या काहीच लक्षात आलं नाही?"

मालक म्हणाले, "नाही."

माझ्या लक्षात आलं होतं. ते मी सांगत फिरत होते, तक्रार म्हणून. मामांना लागतच नाही, लागतच नाही, म्हणून गावभर डंका पिटला होता मी. जनावरांच्या दवाखान्यातल्या ड्रेसरची लेक मी. ज्याला चावलं तरी कळत नाही त्याचं काहीतरी बिघडलंय, एवढं तर बैलाच्या बाबतीतही मला कळलं असतं.

मालक गोळ्या आणायला गेले. मामा आणि मी बाहेर लिंबाखालच्या बाकावर बसलो. मग मीच विचारलं.

"मामा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"गेल्या हंगामापास्नं." ते पट्टीकडं बघत म्हणाले. "करंगळी पैली गेली. गोळी वळताना बोटात हाय का न्हाई कळंना. नदरंनं बघून, वासानं भागवलं."

"मग सांगायचं नाही?"

"गुळव्यानं सांगायचं, माज्या बोटाला कळत न्हाई म्हणून? मग गुळव्या कशाचा, वैजा? जळण वडणारा गडी झालो की." ते थांबले. "मग ती काकवी आली. तिचं दात सुईवानी. रोज एकेक बोट द्यायचो तिला. कुठलं अजून जित्तं हाय ते बघायचो. सुई टोचून घेतली असती तर तुज्या आत्तीनं इचारलं असतं, काय करतायसा. कुत्रीचं पिल्लू चावल्यावर कोण इचारतंय?"

मामांनी पट्टीचा हात मांडीवर घेतला.

"तू म्हणायचीस, खोटं वरडा. मला वाटायचं, एकदा खरं वरडाय मिळू दे. अंगठ्याला मिळायचं. अंगठ्याला चावली की असं बरं वाटायचं बघ."

"आणि दोन दिवस राहू दे म्हणालात ते?"

समोर एक बाई तोंड वाकडं करणाऱ्या पोराला औषध पाजत होती, मामा तिच्याकडं बघत राहिले.

"त्या आठवड्यात अंगठाबी मुका व्हाय लागला हुता. म्हटलं, दोन दिस बघू. दोन्ही अंगठं गेलं तर लाज सोडायची, सर्जाला सांगायचं, दवाखाना गाठायचा. मनात ठरवलं हुतं." मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "कुत्री गेली आन् इचारबी गेला. जाऊ दे म्हटलं. तुजं काय चुकलं न्हाई, पोरी. पोरीला चावली हुती. कुठलीबी आई तेच म्हणंल."

एवढं बोलून त्यांनी माझ्या डोक्यावर पट्टीचा हात ठेवला. मी तो हात धरून रडले, आणि त्यांना माझी पकड कळत नव्हती हे मला कळत होतं. एका शब्दाचं काम होतं. राहू दे म्हणायचं होतं मी.

मामा पुन्हा काहिलीपाशी उभे राहिले नाहीत. गावात तोंडावर कुणी वाईट बोललं नाही. पुढच्या हंगामात बोलावणंच आलं नाही. गोळ्या सुरू झाल्या, डॉक्टरांनी स्वतः येऊन चावडीत सगळ्यांना सांगितलं, पण ज्या हातानं गूळ वळायचा त्या हाताची गोष्ट होती. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी होऊन तशीच राहिली. आत्ती ताट वाढताना वाटी पुढं सरकवायच्या आणि म्हणायच्या, "गरम हाय." हे वाक्य आमच्या घरात दिवसातनं वीस वेळा व्हायचं.

उन्हाळ्यात एक दिवस मामा मला म्हणाले, "काकवीला बघून येऊ या का?"

मालकांनी टेम्पोतून सोडलं. बिरू धनगराची बकरी डोंगराच्या अंगाला एका पडक्या रानात बसली होती. काकवी अंगानं भरली होती, छाती रुंद झाली होती. बिरू कौतुकानं सांगत होता, "लई मऊ तोंडाची कुत्री. कोकरू मागं राह्यलं तर तोंडात धरून आणून सोडती. एक दात लागंल तर शप्पत."

"कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"शिकवतंय कोण? कोकरं वरडत्यात की."

मामा उकिडवे बसले. काकवीनं आधी लांबून वास घेतला, मग कान पाडून, सगळं अंग हलवत आली. मामांनी हात पुढं केला, डावा, वाकडी बोटं असलेला. तिनं तो तोंडात धरला. मी जवळ होते, मला दिसत होतं, नुसता ओठांत धरला होता. दात कुठंच टेकला नव्हता.

मामांना ते कळत नव्हतं. ते खाली वाकून तिच्या जबड्याकडं निरखून बघत होते, गोठ्यात बघायचे तसेच. मग त्यांनी मान वर केली, माझ्याकडं बघितलं, आणि मी शिकवलं होतं अगदी तसं, सगळी बकरी माना वळवून बघतील एवढ्या मोठ्यानं म्हणाले,

"आई गं."

काकवीनं हात सोडला, दोन पावलं मागं सरली आणि त्यांच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. तिला काही चुकल्याचं आठवत नव्हतं.

"बराबर म्हटलं न्हवं, वैजा?" मामांनी विचारलं.

मी म्हटलं, "बरोबर, मामा."